बॅलेची पदवी, देवगडची मुलगी आणि माडीची जमीन

प्रश्न देवगडच्या एका आईचा आहे. थोडक्यात असा: लेक १६ वर्षांची, अकरावीत. सातव्या वर्षापासून भरतनाट्यम, विशारद होत आलंय. गेली दोन वर्षं सुट्टीत मुंबईला मावशीकडे राहून आणि एरवी मोबाइलवर बॅले शिकते. आता म्हणते, विद्यापीठात बॅलेचीच पदवी घेणार, नाचण्याची आणि शिकवण्याची. उशीर झाला का? परदेशीच जावं लागेल का? नऊ वर्षांचं भरतनाट्यम वाया जाईल का? हापूसची कलमं गहाण टाकण्याइतकं यात काही आहे का? आणि आजोबा विचारतात, आपलं सोडून हे कशाला?

"बाई, खरं काय ते सांगा," असं तुम्ही शेवटी लिहिलंय, म्हणून आधी खरं सांगून टाकते. मोठ्या बॅले कंपनीत, म्हणजे पगारी नर्तकांच्या मंडळीत, 'स्वान लेक'सारखा बॅले नाचायचा असेल तर उशीर झालाय. बॅले नीट शिकवणारी, आणि त्यासाठी लागतं तेवढं स्वतः चांगलं नाचणारी बाई व्हायचं असेल तर झालेला नाही. मात्र पुढची दोन वर्षं मोबाइलसमोर घालवून चालणार नाहीत.

मी कोण हे सांगायला हवं. मुंबईत लहानपणी लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ डान्सच्या अभ्यासक्रमातून एकेक ग्रेड चढत मी बॅले शिकले, पुढे शिकवण्याचं प्रशिक्षण घेतलं. शिकवायला लागून ३० वर्षं झाली. त्यातली बरीचशी मुंबईत, आणि आता मालवणजवळ आजोळच्या घरी. आजीने मला पहिल्यांदा पंजाच्या टोकावर उभं राहिलेलं पाहिलं तेव्हा म्हणाली होती, "बोटांवर कशाक उभी रवतंस गो? नारळ काढूचो आसा?" त्याच आजीच्या माडीवर आज माझा वर्ग भरतो.

विद्यापीठात बॅले म्हणजे काय, हे आपल्याकडे नीट कळत नाही, कारण आपल्या विद्यापीठांत नृत्याची पदवी म्हणजे भरतनाट्यम, कथक, मोहिनीअट्टम. मुंबईचं नालंदा, पुण्याचं ललित कला केंद्र, बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ ही त्यातली जुनी ठिकाणं. बॅलेची पदवी हवी तर बाहेर बघावं लागतं. पण बाहेरसुद्धा बॅलेचा राजरस्ता विद्यापीठातून जात नाही. सेंट पीटर्सबर्गची शाळा १७३८ पासून चालू आहे, आज तिला तिथल्याच शिक्षिका वागानोवा यांचं नाव आहे. तिथे मुलं दहाव्या वर्षाच्या आसपास येतात आणि साधारण आठ वर्षं रोज तेच करतात. लंडन, पॅरिस, कोपनहेगन, सगळीकडे हाच क्रम. सतरा-अठराव्या वर्षी कंपन्या मुलांना उचलतात. म्हणजे तुमची लेक ज्या वयात विद्यापीठाचा अर्ज भरेल, त्या वयात तिच्या बरोबरीच्या मुली पगारावर नाचत असतात.

मग विद्यापीठात कोण जातं? अमेरिकेत हा प्रवाह विसाव्या शतकाच्या मध्याला सुरू झाला. टेक्सस ख्रिश्चन युनिव्हर्सिटीत १९४९ मध्ये, युटा विद्यापीठात १९५१ मध्ये विलम क्रिस्टेन्सन यांच्या हाताखाली. तिथे जाणाऱ्यांत काही जण कंपनीची निवड थोडक्यात हुकलेले असतात, काहींना पुस्तकंही हवी असतात, आणि काहींना आपण शिकवणार हे आधीपासून ठाऊक असतं. इंडियाना विद्यापीठात बॅलेच्या विद्यार्थ्याला बॅलेबाहेरचा एक विषयही घ्यावा लागतो. बटलर विद्यापीठात नाचण्याची पदवी वेगळी आणि अध्यापनाची वेगळी. चार वर्षं रोज सकाळी दीड तास वर्ग, मग पॉइंट (कडक टोकाच्या बुटांत पंजाच्या टोकावर नाचणं) किंवा व्हेरिएशन (बॅलेतला एकटीचा नाच), आठवड्यातून पा द द (जोडीचा नाच), संध्याकाळी तालमी. मधल्या वेळात शरीररचना, नृत्याचा इतिहास, पाश्चात्य संगीत, नृत्यरचना, आणि अध्यापन घेतलं असेल तर मुलांचे प्रत्यक्ष वर्ग.

एक गोष्ट पक्की समजून घ्या. विद्यापीठ नाचणारं शरीर घडवून देत नाही. ते घडलेलं शरीर आत घेतं. ऑडिशनला बारवरचा पूर्ण वर्ग, बार सोडून खोलीच्या मध्ये केलेला वर्ग, उड्या, मुलींचं पॉइंट आणि एक व्हेरिएशन असा व्हिडिओ मागतात. त्यात दोन वर्षांचं ऑनलाइन शिक्षण पहिल्या मिनिटात दिसतं. (बार म्हणजे धरून उभं राहायचा लाकडी दांडा. माझ्या एका विद्यार्थिनीने फोनवर काकांना "बारवर आहे, नंतर करते" असं सांगितलं आणि घरात दोन दिवस सुतक पाळल्यासारखं झालं होतं.)

मुंबईच्या मुलग्यांच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. आमिरुद्दीन शाह २०१७ मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये गेला, मनीष चौहान त्याच्याबरोबर शिकलेला. दोघे उशिरा सुरू झाले हे खरं. पण येहुदा माओर हा खमका शिक्षक रोज, तासन्‌तास, समोर उभा होता. शिवाय मुलगे कमी असतात आणि त्यांना पॉइंट नसतं, म्हणून त्यांचा उशीर थोडा खपतो. मुलीचा खपत नाही. यात न्याय नाही, पण आहे हे असं आहे.

आता भरतनाट्यमचं. वाया जाणार नाही, पण ज्या ठिकाणी तुम्हाला वाटतं त्या ठिकाणी ते उपयोगी पडणार नाही. सगळे म्हणतात, अरैमंडी (भरतनाट्यमची अर्धी बैठक) येते म्हणजे बॅलेचं प्लिए (गुडघे वाकवणं) आलंच. दिसायला सारखंच: टाचा जवळ, गुडघे बाहेर, पाठ ताठ. पण अरैमंडीत नर्तकी बसते आणि तिथेच राहते. सगळा नाच त्या उंचीवरून होतो, पाऊल सपाट जमिनीवर आपटतं, वजन खाली जातं. प्लिएमध्ये कुणी राहत नाही. ती जाण्यायेण्याची जागा आहे, खाली जायचं ते वर उसळण्यासाठी. भरतनाट्यमची मुलगी माझ्याकडे येते तेव्हा तिच्या मांड्या लोखंडाच्या असतात, ताल पक्का असतो, चेहरा बोलतो. आणि पाऊल? पाऊल झोपलेलं असतं. इतकी वर्षं ते एक अखंड तबकडी म्हणून वापरलेलं असतं. तळव्यातले बारीक स्नायू, घोट्यातून शेवटच्या बोटापर्यंत जाणारी ताणलेली रेष, जमीन ढकलून सोडणं, हे तिला नव्याने शिकावं लागतं. बऱ्याच मुलींची कंबरही मागे वाकलेली असते, कारण अरैमंडी खोल दिसावी म्हणून त्यांनी कधीतरी ओटीपोट पुढे सोडलेलं असतं. बॅलेत त्याच सवयीने पाठ दुखते.

कथकवाल्यांचा घोळ वेगळा. त्यांना चक्कर येते, नजर एका जागी रोवून मान झटकन फिरवणंही येतं, पण ती चक्कर टाचेवर. बॅलेची गिरकी, पिरुएट, पंजावर. सवय मोडायला वर्ष जातं.

टर्नआउटबद्दल, म्हणजे पाय बाहेर वळवण्याबद्दल, मात्र थांबून सांगणार आहे, कारण इथे मुलींची वाट लागते. पाय बाहेर वळतो तो खुब्याच्या सांध्यातून. तो सांधा किती वळेल हे बरंचसं हाडांच्या ठेवणीवर ठरतं, आणि ती ठेवण जन्माची. दोन्ही पावलं एका सरळ रेषेत येणं हे फार थोड्यांना खुब्यातून जमतं. बाकीचे गुडघ्यातून आणि घोट्यातून मुरडून तशी रेष ओढतात. फोटोत छान दिसतं. मला १५ व्या वर्षी एका शिक्षिकेने पावलं हाताने धरून तशी फिरवली होती आणि "आता अशीच ठेव" म्हणाल्या होत्या. माझा उजवा गुडघा दर पावसाळ्यात त्यांची आठवण काढतो. तुमच्या लेकीला पालथी झोपवा, गुडघा काटकोनात वाकवा, आणि पोटरी आतल्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या पायाकडे, जाऊ द्या. ढुंगण न उचलता ती जिथवर जाते, तेवढं तिचं खरं टर्नआउट. जेवढं आहे तेवढंच वापरायचं, पण तेवढं सगळं वापरायचं. अर्ध्या मुली आहे तेही वापरत नाहीत आणि नसलेलं दाखवायला जातात.

पॉइंट शूज तिने घेतले आहेत का, हे तुम्ही लिहिलं नाही. घेतले असतील तर कुणाच्या सल्ल्याने? ऑनलाइन वर्गावर कुणी "घाल आता" म्हटलं असेल तर काढून ठेवा. मुली साधारण ११-१२ च्या पुढे पॉइंटवर जातात, पण वय हा एकच निकष नाही. एका पायावर सलग वीस-पंचवीस वेळा, तोल न जाता, टाच पूर्ण उचलता येते का? एका पायावरून उडी मारून उतरताना घोटा आत-बाहेर लटपटतो का? पाऊल ताणल्यावर नडगीच्या रेषेत येतं का? हे कुणीतरी समोर बसून, हात लावून बघायला हवं. १६ व्या वर्षी हाडं तयार असतात, तेवढा एक फायदा उशिराचा.

आणि आपल्या हवेचं काय करायचं? पॉइंट शूजचं टोक म्हणजे कापड, कागद आणि खळ यांचे थर. जून ते सप्टेंबर कोकणात पापड नरम पडतात तसे हे बूट नरम पडतात, मग पाऊल आत बुडतं आणि सगळा भार अंगठ्याच्या नखावर येतो. मुंबईतसुद्धा हा त्रास आहे, इथे दुप्पट. दोन जोड आलटूनपालटून वापरायचे. प्लॅस्टिकच्या पिशवीत कधी कोंबायचे नाहीत. वापरून झाले की आत वर्तमानपत्राचे बोळे घालून पंख्याखाली टांगायचे. चुलीच्या उबेला टांगू नका, मी टांगले होते; खळ कडक होऊन तिसऱ्या दिवशी मधोमध मोडले. गेनोर मिंडेनसारख्या कंपन्यांचे बूट प्लॅस्टिकसारख्या पदार्थाचे असतात, ओल त्यांना फारशी लागत नाही. महाग पडतात, पण जास्त टिकतात.

बुटांपेक्षाही महत्त्वाची आहे जमीन. लेक सध्या कुठे नाचते? बैठकीच्या खोलीत, लादीवर? मग आजपासून लादीवर उड्या बंद. उडी मारून उतरताना शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट धक्का पायात येतो, आणि लादी, कोबा, शहाबादी फरशी त्यातला काहीही स्वतः घेत नाही. नडगीच्या हाडाला बारीक भेगा पडतात त्या अशाच. भरतनाट्यमवाल्या मुलींना हे पटत नाही, "आम्ही तर फरशीवरच तट्टडवू केले" म्हणतात (तट्टडवू म्हणजे पाय आपटायचे पहिले धडे). केलेत, आणि म्हणूनच अनेकींच्या नडग्या दुखतात. शेणाने सारवलेली जमीन त्या मानाने बरी होती. कुणीतरी हमखास सुचवतं की किनाऱ्यावर वाळूत सराव करावा. वाळूत चालल्याने पोटऱ्या मजबूत होतात, ते जरूर करावं, पण गिरकी आणि उडी नको. तिथली जमीन समुद्राकडे उतरती असते आणि घोटा नकळत एका बाजूला मुरगळत राहतो.

जुन्या घराला माडी असेल तर तुमच्याएवढं नशीबवान कुणी नाही. तुळयांवर आडव्या फळ्या ठोकलेली माडीची जमीन पायाखाली किंचित लवते, आणि नाचाच्या चांगल्या वर्गात मुद्दाम पैसे खर्चून तेवढंच लवचिकपण आणतात. आधी सुताराकडून वाळवी तपासून घ्या, एवढंच. माडी नसेल तर ८ बाय ८ फुटांची पाटी बनवून घ्या. खाली जाड रबराचे किंवा घट्ट फोमचे तुकडे, त्यावर लाकडी पट्ट्या आडव्या, त्यावर पट्ट्या उभ्या, वर १२ मिलिमीटरच्या मरीन प्लायचे दोन थर. दोन थरांचे सांधे एकावर एक येऊ द्यायचे नाहीत. स्क्रूचं डोकं लाकडात बुडलेलं हवं. वर व्हिनाइलचा पट्टा, कारण नुसता प्लाय घसरतो. मरीन प्लायच घ्या, साधा प्लाय एका पावसात फुगेल. माझ्या सुताराला मी हे सांगितलं तेव्हा त्याने विचारलं, "बाई, ही होडी उलटी करून ठेवायची आहे काय?" त्याने केलेली पाटी सहा पावसाळे टिकली आहे.

खाण्याचं एकच सांगते. व्हिडिओ बघून लेक जेवण कमी करायला लागली असेल तर तिथेच अडवा. पाळी अनियमित झाली किंवा थांबली तर ती बॅलेची मेहनत फळाला आल्याची खूण नाही, हाडं ठिसूळ व्हायला लागल्याची आहे. नाचणी, मासे, पेज, सगळं पोटभर. डॉक्टरकडे जायला लाजू नका.

संगीत. इथे भरतनाट्यम खरोखर कामाला येतं. आदितालाच्या आठ मात्रा ज्या मुलीच्या अंगात आहेत तिला बॅलेच्या आठाच्या मोजणीत हरवायला होत नाही. वॉल्ट्झचं तीनाचं वजन तिला दादऱ्याच्या सहा मात्रांतून पकडता येईल. तिन्ही मात्रा सारख्या न मोजता पहिलीवर झुकायचं, एवढंच नवं. पण विद्यापीठात स्वरलिपी वाचायला लावतात, पियानोवादकाला "चार मापांची सुरावट, मग सुरू" असं सांगता यावं लागतं. त्यासाठी पाश्चात्य संगीताचं थोडं प्राथमिक शिक्षण हवं. पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्य संगीताचा विभाग आहे. देवगडहून रोज जाण्यासारखं अंतर नाही, पण मे महिन्याच्या सुट्टीत जमू शकतं. की-बोर्ड घरी असेल तर सहा महिन्यांत वाचण्यापुरतं येतं.

आता शिकवण्याकडे येते, कारण तुमच्या प्रश्नात "आणि शिकवण्याची" हे शब्द शेपटासारखे आलेत. बहुतेकांच्या प्रश्नात तसेच येतात. नाचता आलं नाही तर शिकवू. मला याचा राग येतो, आणि तो लपवणार नाही. चांगलं नाचणाऱ्या किती जणींना शिकवता येत नाही हे मी पाहिलंय. आपल्याला जे आपोआप येतं ते दुसऱ्याला का येत नाही, हे त्यांना कळतच नाही. तुमच्या लेकीला काहीच आपोआप येणार नाही. प्रत्येक गोष्ट तिला वयाच्या सोळाव्या वर्षी, डोक्याने समजून, तुकड्यातुकड्याने शिकावी लागेल. ही शिक्षिकेची तयारी झाली, तिच्या नकळत.

अध्यापनाच्या पदवीत काय असतं? पाच वर्षांच्या मुलाला उजवं-डावं पक्कं नसतं, त्याला "पहिल्या पोझिशनमध्ये उभं राहा" म्हणून उपयोग नाही. त्याला उड्या मारणारा बेडूक व्हायला सांगावं लागतं, आणि बेडकाच्या उडीतूनच गुडघे पायाच्या बोटांच्या रेषेत आणावे लागतात. आठ वर्षांच्या मुलाला क्रम लक्षात राहतो, पण शरीराचं वजन एका पायावर नेणं त्याला अजून समजत नाही. अकरा-बाराच्या वयात हाडं स्नायूंपेक्षा भराभर वाढतात, काल उचलला जाणारा पाय आज उचलत नाही, मुलगी रडते, आणि शिक्षिकेला हे का होतंय ते माहीत नसेल तर ती रागावते. हे सगळं शिकवतात. वागानोवाची पद्धत कुठल्या वर्षी काय आणते, इटलीच्या चेकेट्टीने आठवड्याच्या प्रत्येक वारी वेगळा सराव का ठरवला, डेन्मार्कच्या बुर्नोनव्हिलच्या उड्या तशा का, हे तुलनेने शिकतात. एकच पद्धत शिकलेल्या माझ्यासारखीला हे फार उशिरा कळलं. आणि मग वर्ग घ्यायला लावतात, मागे बसून कुणीतरी लिहीत असतं. माझ्या प्रशिक्षणात मागे बसलेल्या बाईंनी माझ्या पहिल्या वर्गानंतर एकच वाक्य लिहिलं होतं: तू ४० मिनिटांत २७ वेळा "नाही" म्हणालीस. त्या दिवसापासून मी मोजते.

म्हणून लेकीला आत्ताच कामाला लावा. दर शनिवारी गल्लीतली सहा मुलं, सहा ते नऊ वयाची, पाऊण तास. बॅलेचं नाव न घेता नुसतं चालणं, उडणं, थांबणं, टाळीवर वळणं. वहीत लिहायचं: काय ठरवलं होतं, काय झालं, कोण कंटाळलं, का. दीड वर्षाची ती वही अध्यापनाच्या मुलाखतीत कुठल्याही व्हेरिएशनपेक्षा जड पडेल. आणि सहा शनिवारांनंतर तिला मुलांचा वैताग आला तर तेही घरबसल्या, फुकटात कळेल.

पैसे. अमेरिकेत फी, राहणं, विमा धरून वर्षाला ५० हजार डॉलर किंवा त्याहून जास्त सहज लागतात. चार वर्षांचा हिशोब दीड कोटी रुपयांच्या पुढे जातो. शिष्यवृत्त्या असतात, पण पत्र नीट वाचा. माझी एक विद्यार्थिनी पहिल्या वर्षाची मदत चारही वर्षांची समजून गेली आणि दुसऱ्या वर्षी परत आली. मदत दरवर्षी मिळणार का, कुठल्या गुणांवर, हे लेखी विचारा. शिक्षण संपल्यावर तिथे विषयाशी संबंधित काम करायला साधारण एक वर्ष मिळतं, पुढचा व्हिसा कठीण. या हिशोबासाठी कलमं गहाण टाकू नका. थ्रिप्सची कीड आणि अवकाळी पाऊस यांच्या भरवशावर डॉलरचं कर्ज काढणं म्हणजे वेड आहे.

जर्मनीकडे बघा. मानहाइमच्या सरकारी संगीत आणि नाट्य महाविद्यालयात नृत्याची आणि नृत्य-अध्यापनाचीही पदवी आहे. त्या राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सहामाहीला १,५०० युरो फी. राहण्याचा वर्षाचा खर्च आधीच खात्यात अडकवून ठेवावा लागतो आणि जर्मन शिकावी लागते, पण आकडा माणसांच्या आवाक्यातला आहे. प्रवेश मात्र सोपा नाही, ऑडिशन कडक.

तिसरी वाट, जी मी स्वतः सुचवीन. पदवी इथेच घ्यावी: भरतनाट्यमची, नालंदा किंवा पुण्यात. मुंबई-पुण्यात राहणं आलं म्हणजे समोरासमोर रोजचा बॅले वर्ग आला. मुंबईत तुष्ना दल्लास यांची बॅलेची शाळा १९६६ पासून चालू आहे, आणखीही चांगले वर्ग आहेत. तिथून रॉयल अकॅडमीच्या परीक्षा, इंटरमिजिएटपर्यंत तरी, द्याव्यात. मग त्याच संस्थेचं शिक्षक-प्रशिक्षण दूरशिक्षणाने करता येतं, आणि ते केलेल्या नोंदणीकृत शिक्षकालाच त्यांच्या परीक्षांना मुलं बसवता येतात. खर्च दहा-पंधरा टक्क्यांवर येतो. तेवीसाव्या वर्षी तिच्याकडे एक भारतीय पदवी, एक बॅलेचा परवाना आणि दोन्ही भाषा बोलणारे पाय असतील. त्यानंतर परदेशी पदव्युत्तर अभ्यासाला जायचं तर खुशाल जावं, तेव्हा ती काय शोधते आहे हे तिला माहीत असेल.

आजोबांना काय सांगायचं? त्यांच्या पिढीत 'बॅले' म्हटलं की सचिन शंकर, शांती बर्धन यांच्या मंडळींची नृत्यनाट्यं. ती त्यांना परकी वाटली नसतील. त्यांना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांची गोष्ट सांगा. त्या आधी ॲना पाव्हलोव्हाच्या कंपनीतल्या क्लिओ नॉर्डीकडे बॅले शिकल्या, आणि आपल्या देशाचं नृत्य शोध असं पाव्हलोव्हानेच त्यांना सुचवलं. पुढे त्या भरतनाट्यमकडे वळल्या आणि १९३६ मध्ये त्यांची संस्था, कलाक्षेत्र, उभी राहिली. तुमच्या लेकीने जे नऊ वर्षं नाचलं त्याच्या आजच्या रूपाला त्या वाटेचाही हात लागलेला आहे.

आणि एक शब्द सांगा. 'ला बायादेर' नावाचा बॅले आहे, पेतिपा या नृत्यरचनाकाराचा, सेंट पीटर्सबर्गला १८७७ मध्ये पहिल्यांदा झाला. नायिका देवदासी, हिंदुस्थान संपूर्ण कल्पनेतला. 'बायादेर' हा फ्रेंच शब्द पोर्तुगीज 'बायलादेइरा'वरून आलाय, नाचणारी. पोर्तुगीज लोक आपल्या या किनाऱ्यावर देवळांत नाचणाऱ्या बायकांना तो शब्द लावत. १८३८ मध्ये खऱ्या देवदासी पॅरिसला जाऊन नाचल्या, तिथल्या लेखकांनी त्यांच्यावर पानंच्या पानं लिहिली, आणि तरी रंगमंचावर आली ती घुंगरांऐवजी पॉइंट शूज घातलेली. इतिहासाच्या वर्गात यावर निबंध लिहायची वेळ आली तर वर्गातल्या कुठल्याही मुलीपेक्षा तुमच्या लेकीकडे सांगण्यासारखं जास्त असेल. आजोबांना हे ऐकून राग येईल की आनंद होईल, मला सांगता येत नाही. माझ्या मामाला राग आला होता, मग तो बराच वेळ त्यावरच बोलत होता.

कोकणात परत येऊन यावर पोट भरेल का, हे तुम्ही विचारलं नाही, पण मनात असणार. माझ्या वर्गात १९ मुलं आहेत, नियमित फी सहा-सात जण देतात. बाकी नारळ आणि उन्हाळ्यातले पाहुणे. मुंबई, पुणे, गोव्यात शिकवून व्यवस्थित जगता येतं. नुसत्या सिंधुदुर्गात नाही, निदान अजून नाही.

दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की लेकीला घेऊन या. शनिवारी नको, त्या दिवशी लहान मुलांचा गोंधळ असतो. पॉइंट शूज असतील तर घातलेली जुनी जोडी आणा, नवी नको. साटिन कुठल्या बाजूला झिजलंय आणि तळ कुठे मोडलाय ते बघितलं की ती नाचताना वजन कुठे टाकते ते मला कळेल, मग तिला नाचायला सांगेन.